पासष्ट किलोचे साडू

जगात खोटं न बोलणाऱ्या दोनच गोष्टी आहेत, एक काटा आणि दुसरे आमचे साडू. हे मत अर्थात साडूंचंच आहे, आणि ते त्यांनी मला माझ्याच लग्नाच्या मांडवात ऐकवलं होतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नंदुरबारच्या मिरची बाजारात ते मापाडी आहेत. शेतकऱ्याची मिरची व्यापाऱ्याच्या ताब्यात जाण्याआधी तिचं वजन करणं हा त्यांचा धंदा, आणि समोर येईल त्याचं वजन करणं हा त्यांचा स्वभाव. हळद लागलेला नवरदेव म्हणून मी पाटावर जरा तोऱ्यात बसलो होतो. हे गृहस्थ आले, त्यांनी माझ्या दोन्ही काखांत हात घातले, मला जमिनीपासून वीतभर वर उचललं, क्षणभर डोळे मिटले आणि खाली ठेवून सासऱ्यांना म्हणाले, "अठ्ठावन शे. पोऱ्या बरा शे, पन सुकेल शे." मांडवात हशा पिकला. माझ्या एका मामाला राग आला आणि त्याने मला तसंच मुंडावळ्यांसकट शेजारच्या पिठाच्या गिरणीत नेऊन काट्यावर उभं केलं. काट्याने अठ्ठावन्न दाखवले. त्या दिवसापासून मामा साडूंना वाकून नमस्कार करायचा.

उचलून पाहण्याची ही खोड त्यांना कुठेही गप्प बसू देत नाही. पाहुणे म्हणून गेलेल्या घरात ते आधी सिलिंडर हलवून बघतात आणि मग पाणी पितात. बारशाला गेले तर बाळाचं नाव ऐकण्याआधी बाळ हातात घेतात. एकदा माझ्या पुतणीच्या बाळाला त्यांनी असंच तोललं आणि दवाखान्याच्या कागदावर वजन पावशेर जास्त लिहिलंय असं भर बारशात जाहीर केलं. पुतणी रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन केलं तर नर्सबाईंनी दुपट्यासकट मोजल्याचं निघालं. साडूंना त्यात नवल वाटलं नाही. "बारदान काढाले भुलनी व्हई ती," एवढंच ते म्हणाले. बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, जे मालाच्या वजनातून वजा करायचं असतं. साडू ते सगळ्यांतून वजा करतात, सासूबाईंच्या दागिन्यांतून आणि पुढाऱ्यांच्या भाषणातूनसुद्धा.

त्यांचा दुसरा आवडता शब्द म्हणजे घट. ओली लाल मिरची गावाबाहेरच्या पथारीवर, म्हणजे उघड्या मैदानात, वाळत घालतात. तिथे उन्हात तिचं जे वजन उडून जातं ती घट. आमची मुलगी वसतिगृहातून पहिल्यांदा घरी आली तेव्हा सगळ्यांनी तिला अभ्यासाचं विचारलं. साडूंनी तिला उचललं आणि माझ्या बायकोकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "चार किलो घट शे. पोरगी तठे उपाशी ऱ्हास." मुलगी तिथेच ओक्साबोक्शी रडली आणि वसतिगृहातलं जेवण आवडत नसल्याचं तिने कबूल केलं. आम्ही आईबाप असून आम्हाला ते दिसलं नव्हतं.

पण साडूंच्या कीर्तीचा कळस म्हणजे त्यांचं स्वतःचं वजन. ते पासष्ट किलो आहे, आणि मी त्यांना ओळखतो तेव्हापासून पासष्टच आहे. रोज सकाळी बाजार सुरू होण्यापूर्वी साडू चपला काढून, टोपी तशीच ठेवून, मोठ्या काट्यावर उभे राहतात. काट्याने पासष्ट दाखवले तर काटा बरोबर. चौसष्ट नऊशे दाखवले तर काटा बिघडला, दुरुस्तीवाल्याला बोलवा. हे टिकवण्यासाठी त्यांचं जेवण वर्षानुवर्षं एकच: दोन भाकरी, भाजी, आणि मूठभर ठेचा. मिरचीशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. पंगतीत श्रीखंडाबरोबरही ते खिशातली हिरवी मिरची काढून दाताखाली धरतात. सरकारी शिक्क्याची लोखंडी वजनं बाजार समितीच्या कपाटात असतात, पण ती बाहेर काढायची वेळ येत नाही. धानोऱ्याचे शेतकरी आणि खापरकडून टेम्पो भरून येणारी माणसं मुद्दाम साडूंच्या काट्यापाशी रांग लावतात. एकदा एका व्यापाऱ्याचा माणूस गप्पा मारत मारत वजन कमी भरावं म्हणून काट्याला खालून चवड्याचा आधार देऊन उभा राहिला होता. साडूंनी आकड्याकडे पाहिलंही नाही. हातातला गरम चहा त्यांनी सावकाश त्याच्या चवड्यावर ओतला आणि म्हणाले, "आते बराबर व्हयनं."

अशा माणसाच्या ताब्यात मी दीड महिना होतो, आणि आज मी भाकरी चावून खातो, तास-दीड तास सलग बोलतो, ते त्यामुळेच.

गेल्या वर्षी माझ्या जिभेच्या मुळाशी, डाव्या बाजूला, गाठ निघाली. कॅन्सर. तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. गळा हे माझं एकुलतं एक अवजार. आमच्या जिल्ह्यातून गाडीने जावं लागतं अशा एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पस्तीस शेक घ्यायचं ठरलं. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. नेमकं त्याच महिन्यात बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. सोबत कोण जाणार यावर घरात दोन दिवस खल चालला. तिसऱ्या दिवशी मी स्टेशनवर गेलो तर साडू पिशवी घेऊन बाकावर बसलेले. मिरचीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. त्यांनी आयुष्यात एकही हंगाम चुकवला नव्हता. मी काही बोलणार, तोच ते म्हणाले, "मास्तर, गाडीमा खिडकीजोडे तुम्ही बठा. माले उजेडनं काई काम नही."

तिथल्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या, समजावून सांगण्यात आमच्या कुठल्याही मुख्याध्यापकापेक्षा सरस. त्यांनी कागदावर माझं तोंड काढलं. गाठीला किरणांची पूर्ण मात्रा द्यायची. डाव्या कानाखालच्या लाळेच्या ग्रंथीला तिची झळ लागणारच, ती जवळ आहे. पण उजवीकडची ग्रंथी वाचवायची. "ती वाचली तर तोंडात ओल राहील," त्या म्हणाल्या. "नाही वाचली तर तोंड कायमचं कोरडं. घासागणिक पाणी, वाक्यागणिक पाणी. किरण आम्ही वळवून वळवून नेतो, पण अंतर अगदी थोडं असतं. म्हणून मान तसूभरही हलायला नको." हे सगळं ऐकून झाल्यावर साडूंनी एकच प्रश्न विचारला. "डॉक्टरसाहेब, घट किती धरानी?"

बाईंना कळेना. मी अर्थ सांगितला. मला वाटलं त्या हसतील. त्या एकदम खुर्चीत पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "काका, सगळ्यात महत्त्वाचं तुम्हीच विचारलंत. घट अजिबात नको. यांच्या चेहऱ्याचा एक साचा करणार आहोत. वजन उतरलं की गाल आत जातात, साचा सैल होतो, मान आत हलते आणि जिथे किरण जायला नको तिथे जातात." साडूंनी मान डोलावली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एवढं महत्त्वाचं काम कोणी सोपवलं नसावं असा त्यांचा चेहरा झाला होता.

साचा करताना जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करतात आणि तोंडावर, मानेवर दाबून बसवतात. थंड झाला की तो तुमच्या नाकाडोळ्यांसकट कडक होतो. मग रोज तुम्हाला टेबलावर निजवून तो साचा तोंडावर घालायचा आणि कडेने टेबलाला पक्का करायचा. पहिल्या दिवशी मला आत जीव गुदमरल्यासारखा झाला. बाहेर आलो तर साडू खुशीत. "मास्तर, असं माप तं सोनाराकडे बी नही. जपा."

आम्ही दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत एक खोली घेतली होती, आणि साडूंनी, ज्यांनी जन्मात कधी स्टोव्ह पेटवला नव्हता, माझा स्वयंपाक हाती घेतला. दर अर्ध्या तासाने ते नंदुरबारला मेहुणीबाईंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, फोन करत. "वरणले उकळी उनी. आते काय करू?" असं विचारत आणि उत्तर ऐकेपर्यंत वरण ओतू जाई. पण आठवड्याभरात त्यांचा हात बसला. दुधात कुस्करलेली तुपाची बट्टी, मऊ भात, अंड्याचा बलक, केळ्याचं शिकरण. माझ्या खाण्यात मिरची चालणार नव्हती. मी त्यांना सांगायचो, तुम्ही तुमच्यासाठी ठेचा करा. त्यावर एकच उत्तर असे, "मी कॅन्टीनमा खाई उनू." मिरचीचा वाससुद्धा माझ्या तोंडाला झोंबेल म्हणून त्यांनी तिचं देठही खोलीत आणलं नाही. आणि रोज सकाळी शेकाला निघण्यापूर्वी काखेत हात घालून मला उचलायचे. धर्मशाळेतले इतर पेशंट दारात उभे राहून हा सोहळा बघत. "बासष्ट. जैसे थे," असं साडू म्हणाले की काही जण टाळ्याही वाजवत.

तिसऱ्या आठवड्यात तोंड फुटलं. जिभेवर फोड, गिळताना काचा, आणि चव अशी गेली की तूप आणि पाणी यांत फरक कळेना. अन्न नको झालं. साडू समोर बसून चमचा पुढे करायचे, आणि ते वळले की मी तो घास खिडकीतून बाहेर टाकायचो. खाली एक मांजर त्या दिवसांत भलतंच गुटगुटीत झालं. शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांना वजन उतरलं म्हणून नाकातून नळी घातली होती, आणि त्या नळीची मला किरणांपेक्षा जास्त भीती वाटत होती. मग मी दोन गोष्टी केल्या. मानेची कातडी दुखते असं सांगून साडूंना उचलायला मनाई केली. आणि दर सोमवारी दवाखान्यात वजन होई, तेव्हा थंडी वाजते म्हणून निवृत्तीच्या समारंभात मिळालेला काळा कोट घालून काट्यावर जाऊ लागलो. कोटाच्या आतल्या खिशांत धर्मशाळेच्या अंगणातले दोन गोल दगड असायचे. पहिल्या सोमवारी लहान होते, दुसऱ्या सोमवारी मोठे.

मुलांच्या परीक्षेत कॉप्या पकडण्यात आयुष्य गेलं, आणि साठी उलटल्यावर मी हे केलं. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, तेव्हा फक्त भीती वाटत होती. शेक देणाऱ्या मुलीने दोनदा विचारलं, "काका, साचा सैल लागतोय का?" साच्याच्या आत माझी मान चक्क हलत होती. मी हातानेच नाही म्हणून खूण केली. ती कागद बघायची, कागदावर वजन बासष्ट. ती बिचारी काय करणार?

दुसऱ्या सोमवारी मी काट्यावर चढलो. आकडा बासष्ट. नर्सबाई लिहायला वाकल्या, तेवढ्यात मागून साडूंचा आवाज आला, "थांबा." ते आकड्याकडे बघत नव्हते, माझ्या कोटाकडे बघत होते. पुढे आले, कोटाची एक बाजू दोन बोटांत धरली आणि हलवली. कोट हलला नाही, लंबकासारखा झुलला. त्यांनी खिशात हात घालून एक दगड काढला, मग दुसरा. नर्सबाईंच्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. काटा खाली आला, अठ्ठावन्नच्याही खाली.

"मास्तर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "पोतामा दगड टाकनारा गंज देखेल शेत मी. पन तो माल दुसराले इकाना ऱ्हास. तुम्ही कोनले फसाडी ऱ्हायनात?"

ते माझा हात धरून थेट डॉक्टरबाईंकडे गेले, दगडांसकट. बाईंनी त्या दिवशीचा शेक थांबवला. पुन्हा फोटो काढले, पुन्हा गरम पाणी, पुन्हा साचा. नव्या साच्यावर सगळा आराखडा नव्याने बसवायला दोन दिवस गेले. त्यांनी मला कागदावर दाखवलं: जुन्या साच्यात माझी मान किंचित उजवीकडे कलत होती, आणि जी ग्रंथी वाचवायची तिच्याच दिशेने किरण सरकायला लागले होते. "आणखी दोन आठवडे असंच चाललं असतं ना सर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कागदावरच्या उजव्या ग्रंथीवर पेन टेकवलं. मला त्या पहिल्यांदाच सर म्हणाल्या होत्या, म्हणून ते जास्त लागलं.

नळी घातली गेली. माझ्या भीतीच्या मानाने ती काहीच नव्हती. दर दोन तासांनी साडू मोठ्या सिरिंजने तिच्यातून पातळ पेज, दूध, अंडं सोडायचे, एकेक रेघ बघत, अमृत मोजल्यासारखे. खिडकीखालचं मांजर आठवडाभर आशेने वर बघत राहिलं आणि मग निघून गेलं. साडू माझ्यावर रागावले नाहीत, पण उचलणं मात्र दिवसातून दोनदा केलं. पस्तिसावा शेक झाला त्या दिवशी मी साठ किलोवर होतो आणि साचा शेवटपर्यंत घट्ट बसला होता.

आम्ही परतलो तेव्हा बाजार ऐन भरात होता. दुसऱ्याच दिवशी साडू कामावर जायला निघाले आणि मीही मफलर गुंडाळून सोबत गेलो. पथारीवर दूरवर लाल मिरची पसरलेली होती, डोंगरातून आलेल्या बाया ओळीने बसून देठ खुडत होत्या, काट्यापाशी पोत्यांची रांग लागली होती. साडू दिसताच शेतकऱ्यांनी "उनात भो, उनात" म्हणून गलका केला. साडूंनी चपला काढल्या, टोपी नीट केली आणि काट्यावर उभे राहिले.

सत्तावन्न किलो चारशे.

ते उतरले. काट्याखाली वाकून खडा अडकलाय का बघितलं, फुंकर मारली, पुन्हा चढले. सत्तावन्न चारशे. "काटा खोटा शे!" साडू गरजले. "दीड महिना मी नही तं बठ्ठं इस्कटी टाकं! या काटावर आज एक बी पोतं चढनार नही." व्यापारी कुरकुरले, शेतकरी ताटकळले, दुरुस्तीवाला सायकल मारत आला. कपाटातून सरकारी शिक्क्याची लोखंडी वजनं बाहेर निघाली. वीस, वीस, वीस, वर एक पाच. काट्याने पासष्ट दाखवले, ग्रॅमचाही फरक नाही. वजनं उतरवली आणि साडू तिसऱ्यांदा चढले. सत्तावन्न चारशे.

मी त्यांच्या पट्ट्याकडे पाहिलं. बकलाच्या आत खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. धर्मशाळेत ती रोज माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी आपला माझ्याच गालांकडे आरशात बघत बसलो होतो. माझा आवाज तेव्हा जेमतेम फुटत होता. जवळ जाऊन मी विचारलं, "साडूभाऊ, कॅन्टीनमा काय खात व्हतात तुम्ही?"

"जाऊ द्या ना मास्तर," ते पुटपुटले. मग काट्यावरून उतरून त्यांनी चपला घातल्या आणि रांगेकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काटा खरा शे. घट मन्हा आंगमा शे. लावा पोतं."

त्याला आता वर्ष होऊन गेलं. माझ्या तोंडाची डावी बाजू कोरडीच आहे, पण उजव्या गालात ओल आहे. पहिल्यांदा ती जाणवली तेव्हा मी मेहुणीबाईंच्या स्वयंपाकघरात बसलो होतो आणि त्या तव्यावर मिरच्या भाजत होत्या. मला उठून बाहेर जावं लागलं, मिरचीच्या ठसक्यामुळे नव्हे. साडूंचं वजन मात्र एकसष्टच्या वर जाईना. मेहुणीबाई म्हणतात, आता ते वयच आहे. काटा तपासायला हल्ली लोखंडी वजनं काढतात, आणि ती लावताना साडू दुसरीकडे बघत असतात. मी रोज दुपारी डबा घेऊन बाजारात जातो. दोन भाकरी, भाजी आणि भरपूर ठेचा. ते संपवेपर्यंत समोरून हलत नाही, कारण कॅन्टीनवर माझा विश्वास उरलेला नाही.

परवा डबा झाल्यावर काय वाटलं कोण जाणे, मी उठलो, त्यांच्या काखांत हात घातले आणि त्यांना उचललं. ते सहज वर आले, मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी सहज. मी खाली ठेवलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "पासष्ट."

साडूंनी एकदा काट्याकडे पाहिलं. मग टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बराबर."